मेणमास्तरांचा जाड रंग

मेणमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारू शकेल असं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांची बायको; आणि ती काही नवऱ्याचं नाव घेत नसे. त्यामुळे ते नाव बिचारं बेवारस पडलं होतं. फ्रेमवाल्या धाकट्या भावाला ते दादा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून बाकी सगळ्यांच्या तोंडी मेणमास्तर. त्यांनी रंगवलेल्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं तर ते कुठेही अडकत नसे, मेणावरून घसरावं तसं कपाळापासून हनुवटीपर्यंत घसरत जाई, म्हणून हे नाव.

पन्नास वर्षं त्यांनी फोटोवरून माणसं रंगवली. बहुतेक गेलेलीच. कुणाचे वडील, कुणाची आजी, कुणाचा तरणाताठा भाऊ. अंगठ्याएवढा डागाळलेला फोटो घेऊन लोक येत आणि पंधरा दिवसांनी आपलं माणूस हातभर कॅनव्हासवर घेऊन जात. न्यायला आलेली मंडळी चित्रापुढे उभी राहून डोळे पुसायला लागली की मास्तर गुपचूप मोरीत जाऊन हात धूत. तीच त्यांची पावती.

ही विद्या त्यांना एका पाट्या रंगवणाऱ्याने शिकवली होती. तो फार कडक. रंगात ब्रशाचा माग दिसला की टेकूची काठी बोटांवर हाणायचा. टेकूची काठी म्हणजे चित्राला आडवी धरायची नि तिच्यावर मनगट टेकून बारीक काम करायचं. तू कसा रंगवलास हे गिऱ्हाइकाला कशाला दाखवतोस, माणूस दाखव, असं तो म्हणायचा. मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं, की शेवटचा हात ते रंगाचा मारतच नसत. एक मऊ, पंख्यासारखा पसरलेला कोरडा ब्रश होता, त्याला त्यांची बायको पिसारा म्हणायची. ओल्या रंगावरून तो पिसारा हलके हलके फिरवायचा, की जिथे जिथे ब्रश उठला-टेकला होता त्या सगळ्या खुणा मिटून जायच्या.

घर तीन खोल्यांचं. पुढची खोली चित्रांची, मधली झोपायची, मागे स्वयंपाकघर. रंगवायचं त्यांनी आणि पुढचं सगळं तिने, अशी वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात पडली होती आणि कुणी ती बोलून दाखवली नव्हती. ब्रश साबणाने धुवायची ती. जवसाचं तेल गाळून बाटलीत भरायची ती. आणि चित्र पुरं झालं की आठ दिवस मोजायची तीच. आठव्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून ती चित्राच्या कोपऱ्याला करंगळी लावायची. बोट कोरडं निघालं की चेहऱ्यावर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर उभी-आडवी सुतळी, की पुडकं दिराच्या दुकानात फ्रेमला जायला मोकळं. छत्तीस वर्षांत एका चित्राला ओरखडा गेला नाही. मास्तरांचा हात पातळ, त्यांचा रंग आठ दिवसांत वाळायचाच. तिचा त्या आठ आकड्यावर विश्वास होता, देवावर असावा तसा.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग बशीला, मग तिला, आणि सगळ्यात शेवटी मास्तरांना. एका निवृत्त हेडमास्तरांची मुलगी नेलेलं चित्र परत घेऊन आली. भांडली नाही ती. एवढंच म्हणाली, की आमचे बाबा असे दचकलेले नव्हते. मास्तरांनी चष्मा पुसून चित्र उजेडात धरलं. डाव्या डोळ्याच्या कडेची रेघ केसाएवढी सरकली होती, आणि तेवढ्यानं त्या शांत माणसाच्या चेहऱ्यावर कुणीतरी मागून हाक मारल्यासारखा भाव आला होता. त्यांनी चित्र ठेवून घेतलं आणि त्यानंतर नवं काम घेतलं नाही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर गोगलगायीसारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. ज्यांनी माणसांच्या पापण्या एकेक करून रंगवल्या, त्यांची गोगलगाय करवतीसारखी निघाली. बाईंनी तो कागद जपून फाइलीत लावला. म्हणाल्या, हे जाणार नाही, सावकाश वाढेल. ब्रश धरता येईल अजून वर्ष, दोन वर्षं. पुढचं पुढे बघू.

औषधांच्या खिडकीपाशी रांग होती म्हणून बायकोने त्यांना बाकावर बसवलं. गोळ्या घेऊन परतली तर मास्तर बाकावर नव्हते. समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र टांगलेलं होतं, त्याला नाक लावून उभे होते. कुणी काढलेलं ठाऊक नाही, सही नव्हती. एक बाई भरलेली बादली उचलते आहे, एवढंच. बाकावरून बघितलं तर पाण्याचं वजन बाईच्या खांद्यात कळत होतं. जवळ गेलं तर बाई नाही, बादली नाही. गवंड्याने गिलावा फेकावा तसे रंगाचे थर, बोटाच्या पेराएवढे जाड, ब्रशाचे राठ केस ओढल्याच्या चऱ्या तशाच ठेवलेल्या. मास्तरांनी बोट पुढे केलं तेवढ्यात दारावरचा रखवालदार ओरडला, काका, हात नको.

घरी येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. तिला वाटलं आजाराचा विचार करताहेत. उतरायच्या आधी एकदम म्हणाले, "त्या बाईचा हात एका फटकाऱ्यात आहे. एका. खांद्यापासून मनगटापर्यंत. मी तिथे चारशे मारले असते, आणि बादली उचलली गेली नसती."

त्या दिवसापासून घराची घडी मोडली.

थरथरत्या हाताला बारीक काम जमणार नाही हे उघड होतं. पण जाड काम, मोकळं काम, खांद्यातून मारलेला रुंद फटकारा; त्याला हात स्थिर कशाला लागतो? मास्तरांनी मनात गणित मांडलं होतं. वर्ष-दोन वर्षांत हे शिकलो तर रंगवत राहीन, नाही तर माझं संपलं. तिला त्यांनी हे असं कधी सांगितलं नाही, पण एका ताटात जेवल्यासारखं आयुष्य काढलेल्या बाईला न सांगता कळायचं ते कळतंच.

भिंती रंगवायचे चार बोटं रुंद ब्रश आले. पॅलेट खरवडायची सुरी रंग थापायच्या कामाला लागली. टेकूची काठी त्यांनी बायकोच्या हवाली केली, ही माझ्या नजरेला पडू देऊ नकोस म्हणाले. तिने त्या काठीने उंच तारेवरचे कपडे काढायला सुरुवात केली. दर आठवड्याला ते दवाखान्यात जात, जुनी फाइल काखेत मारून, आणि बाकावर बसून ते चित्र बघत. रखवालदार आता ओळखीचा झाला होता. काका, आज कुठली तपासणी, असं विचारायचा. डोळ्यांची, असं म्हणून मास्तर बसून घ्यायचे.

आणि तरीही जमेना.

सकाळी रंग जाड लागायचा. ती स्वयंपाकघरातून चोरून बघायची तर समोरच्या फळीवर काहीतरी जिवंत, धसमुसळं उभं असायचं. एखादा जुना बूट, एखादी किटली. मग मास्तर दोन पावलं मागे जायचे, परत पुढे यायचे, आणि म्हणायचे, एवढी कडा जरा नीट करतो. कडेनंतर सावली. सावलीनंतर चकाकी. दुपारपर्यंत हातात पिसारा यायचा, तो कधी आला हे त्यांनाही कळायचं नाही. संध्याकाळी किटली गुळगुळीत, आणि वर वाकडी. धड पहिल्यासारखी नाही, धड बादलीवालीसारखी नाही. मग ते सुरीने सगळा रंग खरवडायचे आणि एका जुन्या डब्यात टाकायचे. सगळे रंग मिसळून त्याचा राखेसारखा लगदा झाला होता. सात महिन्यांत तो डबा काठोकाठ भरला.

ती रोज देवापुढे बसून एकच मागायची, यांचा हात थांबव. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण चुकीचं मागतो आहोत. हात थांबला तर हे पुन्हा पापण्याच रंगवतील. त्या दिवशी ती नुसतीच बसून राहिली. काय मागावं हे ठरवता येईना.

धाकटा दीर रविवारी चहाला यायचा. स्वभावाने गमत्या, दादाची चेष्टा करायचा त्याला लहानपणापासूनचा परवाना. भरलेला डबा बघून तो म्हणाला, की दादा, तू आता सरळ घरांच्या भिंती घे, जाड रंगाला तिथे मागणी आहे. एरवी मास्तरांनी त्याला चार शब्द सुनावले असते. या वेळी ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला. दिराने कप तसाच ठेवला. वहिनी, माझी जीभ झडो, म्हणाला. तिने त्याला गप्प बसायची खूण केली.

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं, पण डोळे लाल होते. त्यांनी पुढच्या खोलीतून पिसारा आणला आणि बायकोच्या हातात ठेवला.

"हा ठेव. मी मागितला तरी द्यायचा नाही."

"बरं."

"अजून एक. चित्र संपलं कधी, हे तू ठरवायचं. मला सांगत बसू नकोस. सरळ उचलून न्यायचं."

"अहो, मला त्यातलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच. तू लांबून बघतेस. मी आयुष्यभर नाकाने बघितलं."

"म्हणजे शिव्या मी खायच्या."

"हो," मास्तर म्हणाले, आणि दिराने, ज्याला एरवी हसायला निमित्त लागत नसे, मान खाली घातली.

कॅनव्हास सगळे खरवडून खरवडून खराब झाले होते. मोडक्या कपाटाच्या पाठीची फळी काढून मास्तरांनी तिच्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात फिरवला. चेहरा नको, ते म्हणाले. चेहरा दिसला की मी डोळ्यांत शिरेन. तू पीठ मळ. मी फक्त हात काढतो.

मंगळवारी सकाळी ती पुढच्या खोलीत स्टुलावर परात घेऊन बसली आणि तिने एकच गोळा दीड तास मळला. दोन वेळा तिने विचारलं, की आता पुरे ना, याचं पुढे काय करायचं.  मास्तर उभ्याने रंगवत होते, काठीशिवाय, टेकूशिवाय. हात थरथरत होता, पण तो आता खांद्यातून येत होता, आणि थरथर वाटेतच कुठेतरी रंगात मुरून जात होती. सफेदा त्यांनी ट्यूबमधून दाबून थेट फळीवर घातला. पीठ आणि रंग, दोन्हीकडून थापल्याचा तोच एक आवाज.

तिने मान वर केली तेव्हा तिला समोर स्वतःचे हात दिसले. आरशात दिसतात तसे नव्हे. उजव्या मनगटाचं हाड तिने लहानपणी जिन्यावरून पडून मोडून घेतलं होतं, ते थोडं वाकडं बसलं होतं. मळताना तिथे जोर यायचा आणि मग सगळा भार कोपरावर जायचा. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ते तिथे होतं. एका जाड, पिवळट फटकाऱ्यात, खांद्याकडून खाली कोसळत आलेलं. तिला आपली छत्तीस वर्षं कुणीतरी वजन करून समोर ठेवल्यासारखं झालं.

मास्तर दोन पावलं मागे गेले. मग एक पाऊल पुढे आले.

ती पिठाच्या हातांनी उठली आणि फळी कडांना धरून उचलली.

"थांब. मनगट राहिलंय."

"नाही राहिलं."

"अगं, मनगट राहिलंय म्हणतो ना."

ती मधल्या खोलीत गेली, फळी कोनाड्यात उभी केली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मास्तर दाराबाहेर जमिनीवर बसले. आधी समजावलं. मग विनवलं, फक्त बघतो म्हणाले, हात नाही लावत.

"बघताना तुमचे हात काय करतात ते मी छत्तीस वर्षं बघतेय."

मग ते नको ते बोलले. अडाणी म्हणाले, आयुष्यभर चूल फुंकली नि आता मला चित्र शिकवतेस म्हणाले, आणि अजून एक असं काही बोलले की ते तिने देवालाही सांगितलं नाही. ती नखांतलं पीठ काढत बसून राहिली. तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. झोपायची खोली कुलपात, म्हणून दोघं पुढच्या खोलीत चटईवर झोपत होती, तोंडं दोन दिशांना करून.

चौथ्या दिवशी जेवताना मास्तरांनी ताटातून मान न काढता विचारलं, "बरं आहे का ते?"

तिने बराच विचार केला. "जड आहे," ती म्हणाली.

मास्तर हसले. सात महिन्यांत पहिल्यांदा. त्या दिवशी त्यांनी दोनदा वाढून घेतलं, ढिला होऊन पायांत येणाऱ्या पायजम्यावरून स्वतःचीच थट्टा केली, आणि दवाखान्यात जाऊन रखवालदाराला म्हणाले, की माझ्याकडेही आहे आता एक.

आठवा दिवस मंगळवारचाच. प्रार्थना आटोपून तिने कुलूप उघडलं आणि नेहमीसारखी कोपऱ्याला करंगळी लावली. बोट कोरडं निघालं. कोपऱ्यात रंग पातळच होता. तिने वर्तमानपत्राचा कागद पसरला, सुतळी उभी बांधली, आडवी बांधली. दीर पोरीच्या सासरी गेला होता, शनिवारी येणार होता. मधल्या दिवसांत मास्तरांचा हात त्या चित्राला लागू नये एवढीच तिला काळजी. फळी सपाट होती. तिने ती आपल्या पलंगावर, गादीखाली सरकवली. खोली आता उघडी झाली होती. चार दिवस ती त्या गादीवर झोपली, त्या चित्रावर, आणि झोपण्यापूर्वी देवाचे आभार मानले, की याचसाठी माझ्या हाती हे काम दिलंस.

शनिवारी दीर आला. ती गादीखालून पुडकं काढून पुढच्या खोलीत घेऊन आली तेव्हा तिच्या चालण्यात थोडा डौल होता, हे तिला स्वतःलाही जाणवलं. मास्तर खुर्चीच्या कडेला बसले होते. दिराने सुतळी सोडली. कागद उचलायला गेला तर कागद येईना.

"वहिनी, हे ओलं होतं का?"

"आठ दिवस झाले होते," ती म्हणाली. "मी बोट लावून बघितलं."

दिराने एक कोपरा धरून सावकाश ओढला. जखमेवरची पट्टी ओढावी तसा आवाज झाला. जाड रंगाच्या वरच्या थरावर साय धरली होती, आत लोण्यासारखा ओला होता. तिच्या चार दिवसांच्या वजनाने सगळं चेपून एक झालं होतं. कागदाबरोबर ती सायच निघून आली. फळीवर उरला तो एक सपाट, फिस्कटलेला, ओला लगदा. हात नव्हते. मनगट नव्हतं.

 तिला वाटलं मास्तर ओरडतील, आणि ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मलाही ठाऊक नव्हतं," मास्तर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "वाळायला महिनोन् महिने लागावेत असं मी कधी काढलंच नव्हतं."

मग त्यांनी हात पुढे केला. "पिसारा दे."

दिराने तिच्याकडे बघितलं. पिसारा मिठाच्या बरणीमागे होता. द्यायचा नाही असा शब्द होता, आणि तिने तो पाळला असता. सकाळपर्यंत पाळला असता. पण आता हिंमत कुठून आणायची? ज्या हाताने चित्र चेपलं त्याच हाताने ब्रशही अडवायचा? तिने मनातल्या मनात देवाला विचारलं.  ती आत गेली आणि पिसारा आणून दिला.

मास्तर तीन तास बसले. जो लगदा उरला होता त्यातून त्यांनी हात परत काढले, टेकूची काठी मागून घेतली, पिसारा फिरवला. दीर दाराला टेकून उभा होता, त्याला निघवत नव्हतं. सांजवेळेला फळीवर दोन हात होते. गुळगुळीत, स्वच्छ, कुणाचेही. उजव्याच्या कडेची रेघ थरथरलेली. मास्तरांनी त्यावरून बोट फिरवलं. ते कुठेही अडकलं नाही.

"संपलं," ते म्हणाले.

त्यांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकले आणि धुवायला दिले नाहीत. फळी दिराला देऊन टाकली, मागचा भाग वापर म्हणाले. पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं. दवाखान्यातल्या बाकावर ते त्या आठवड्यात गेले नाहीत, पुढच्याही नाही. गोळ्या घ्यायच्या राहू लागल्या. ती समोर पाणी घेऊन उभी राही, ते भिंतीकडे बघून म्हणत, कशासाठी? ती पाण्याचा पेला तिथेच ठेवून जाई. हात आता जेवतानाही ऐकेना. घास ताटात सांडला की ते तो तसाच ठेवून उठत. एकदा तिने भरवायला हात पुढे केला, तर त्यांनी तोंड असं मिटलं की ती पुन्हा धजली नाही.

तो वर्तमानपत्राचा कागद तिने टाकला नव्हता. टाकायला घेतला होता. पण रंगाची ती साय त्याला चिकटलेली बघून तिला आपल्याच अंगाची साल सोलल्यासारखं झालं. चुरगळावा तर हाताला लागेल, घडी घालावी तर पुन्हा चिकटेल. म्हणून तिने तो स्वयंपाकघरातल्या पलीकडच्या भिंतीशी, कपडे वाळायच्या दोरीवर दोन चिमट्यांनी अडकवला. दिवसभराच्या कामात आपली चूक डोळ्यांसमोर राहावी, एवढंच तिने ठरवलं होतं.

अकरा दिवसांनी मास्तर सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून चहा पीत होते. म्हणजे कप दोन्ही हातांत धरून बसले होते. चहा निवून गेला तरी त्यांनी कप खाली ठेवला नाही, म्हणून तिने वळून बघितलं.

"ते काय लटकवलंस?"

"टाकवेना मला," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांना खुपत असेल तर काढते."

ते उठून कागदाजवळ गेले. जवळून काहीच नव्हतं. फाटलेल्या रंगाचे उंचवटे, मधून मधून नोकरीच्या जाहिरातींची अक्षरं, कडेने पसरलेला तेलाचा डाग. ते पाठीमागे सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आले. तिनेही त्यांच्या शेजारून बघितलं. उलटे झाले होते, उजवा डावीकडे गेला होता, पण हात होते. खांद्याकडून कोसळत आलेले. मळत होते. वाकड्या हाडाशी भार येऊन थबकला होता तोही तिथेच.

मास्तर पुन्हा पुढे गेले. त्यांचा उजवा हात वर आला, मनगटाच्या कडेशी, जिथे रंगाची एक शेव सुटून लोंबत होती.  बोट लागताच कागद थरथरला, बोटापेक्षाही जास्त. त्यांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या काखेत दाबून धरला, आपल्याच हाताला पकडून ठेवावं तसा.

"मनगट राहिलं नव्हतं," ते म्हणाले.

ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांना रडताना तिने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं आणि आताही पाहायचं नव्हतं.

मास्तरांनी त्यानंतर ब्रश धरला नाही. डॉक्टरीणबाईंची दोन वर्षं नऊ महिन्यांतच सरली, मग धरायचं म्हटलं तरी धरता आलं नसतं. आता ती त्यांना भरवते आणि ते तोंड उघडतात. दिराने कागद काचेत घालून देतो म्हटलं, मास्तर नको म्हणाले. रंगातलं तेल कागदाला खातं, दीर म्हणाला, दादा, हा तीन-चार वर्षांत कुजून गळून पडेल. मग बरोबर आहे, माझ्याइतकाच टिकेल, मास्तर म्हणाले.

सकाळचा चहा ते अजून त्या उंबऱ्यातच घेतात. रखवालदाराने एकदा रस्त्यात गाठून तिला विचारलं, काका दिसत नाहीत, बरे झाले का? ती नाही म्हणाली, आणि बाजाराची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे निघाली.

कागद दोरीवर आहे. वाऱ्याने हलतो म्हणून ती खिडकी अर्धी लावून ठेवते. तो वाळला का हे बघायला आता कुणी बोट लावत नाही.